घरी शिकणाऱ्या मुलीची भूमिती : अभ्यासक्रम कसा निवडावा?

आपल्या परिसरातील डॉक्टर मंडळी एकत्र जमली आणि मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की तो फिरून फिरून ‘नीट’च्या गुणांपाशी येऊन थांबतो, हा आपणा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीनंतर या गप्पांत एका वेगळ्या प्रश्नाची भर पडली आहे. ज्या मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकविण्याचा निर्णय पालकांनी घेतला, त्यांच्या अभ्यासाची व्यवस्था कशी लावावी, हा तो प्रश्न. अशी कुटुंबे फार नाहीत. कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्द आणि शहराच्या या बाजूची उपनगरे धरून मला माहीत असलेली दोन-तीनच. पण त्यांपैकी एक माझ्या नात्यातलेच असल्याने या विषयाचा विचार मला तपशिलात करावा लागला. माझ्या धाकट्या बहिणीची चौदा वर्षांची मुलगी गेली चार वर्षे घरी शिकते आहे. भाषा, इतिहास, विज्ञान हे विषय आई-वडिलांनी आणि पुस्तकांनी सांभाळले, बीजगणितही रेटले. भूमितीपाशी मात्र गाडी अडली. “दादा, आपल्या गतीने शिकता येईल असा भूमितीचा एखादा चांगला ऑनलाईन कोर्स बघून दे,” असे बहिणीने सांगितले आणि ते काम माझ्याकडे आले.

त्या निमित्ताने मी चार-सहा अभ्यासक्रम बारकाईने पाहिले. त्यातून बनलेले मत येथे मांडतो. व्हिडिओ कोणाचे सरस, आकृत्या कोणाच्या देखण्या, शुल्क कोणाचे कमी, हे सारे प्रश्न दुय्यम आहेत. मुलीने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेली सिद्धता कोण वाचणार, हा पहिला प्रश्न आहे. आणि बहुतेक पालक तो शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत.

गृहशिक्षणाचा पुरस्कार करण्यासाठी हा लेख नाही. शाळा सोडा, असे मी कोणालाही सांगणार नाही. पण “घरी शिकून काय होणार?” असा प्रश्न निदान डॉक्टरांनी तरी विचारू नये. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाचा पाया घरातच घातला गेला. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळरावांनी कल्याण, अलिबाग, कोल्हापूर अशा बदल्यांच्या गावी त्यांना शिकविले. कोल्हापूर म्हणजे आपल्या निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर. १८९४ मध्ये लंडनला डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे वाचनही कितीतरी वर्षे घरीच चालले होते. गोपाळरावांच्या शिकविण्याची रीत कठोर होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही समोर बसून रोजचा धडा तपासणारे माणूस आनंदीबाईंना होते, एवढे मात्र खरे.

अलीकडचे उदाहरण मुंबईच्या मालविका जोशी हिचे. सातवीनंतर तिने शाळा सोडली; संगणक प्रणालीलेखनाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळविली; आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवाचून अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळविला. वृत्तपत्रांनी ‘गुणपत्रिकेवाचून’ या शब्दावर भर दिला आणि आमच्याकडच्या काही पालकांनीही तेवढाच शब्द उचलला. तिच्या तयारीत चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापकांचा मोठा हात होता, ही बाब मागे राहिली. ती घरी शिकली, पण एकटी शिकली नाही. एकटे शिकणे आणि घरी शिकणे या दोन गोष्टी आपण नेहमी एक समजतो, आणि ऑनलाईन अभ्यासक्रम विकणाऱ्यांनाही तसे समजलेले सोयीचे असते.

‘नीट’चा प्रश्नही येथेच उरकून घेतो, कारण तो सोडविल्यावाचून डॉक्टर वाचक पुढे वाचणार नाहीत. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना अपात्र ठरविणारी तरतूद २०१८ च्या परीक्षेच्या वेळी पुढे आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांची पात्रता मान्य केली. तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी-बारावी केलेल्या मुलीला वैद्यकीय प्रवेशाचे दार बंद नाही. भाचीला डॉक्टर व्हायचे आहे की नाही, हे तिने अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेलेही नाही.

आता भूमिती. शालेय गणितात भूमितीचे स्थान वेगळे आहे. बीजगणितात उत्तर आले, पडताळून पाहिले, जुळले, की काम झाले. भूमितीत बहुतेक वेळा उत्तर आधीच सांगितलेले असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हे मुलाला पाचवी-सहावीपासून ठाऊक असते. प्रश्न असतो तो ‘कशावरून?’ हा. आपण मराठी शाळेत शिकलो तेव्हा प्रमेयाच्या वहीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चार नावे डाव्या बाजूला लिहीत होतो आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण देत होतो. तेव्हा तो एक जाच वाटे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात वॉर्डात रुग्णाचा वृत्तान्त मांडताना, काय माहीत आहे, काय ठरवायचे आहे आणि कशाच्या आधारे, असे वेगवेगळे सांगायची वेळ आली, तेव्हा त्या चार नावांचा उपयोग मला कळला.

यंत्राला नेमके हेच तपासता येत नाही. निदान आपल्या मुलांपुढे जे अभ्यासक्रम येतात, त्यांतील यंत्रांना येत नाही. यंत्र विचारते, चौथ्या कोनाचे माप किती? मूल १०५ टंकलिखित करते, हिरवी खूण येते. त्या १०५ मागे विचार होता, अंदाज होता की मागच्या प्रश्नाची नक्कल होती, हे यंत्राला ठाऊक नसते. आपण डॉक्टरांनी तरी यावर आश्चर्य व्यक्त करू नये. ऑनलाईन सीएमईच्या शेवटी येणारी प्रश्नावली बरोबर उत्तर लागेपर्यंत टिचकी मारत सोडवून क्रेडिट तास पदरात पाडून घेणारे आपल्यात किती आहेत, याची गणना मी येथे करीत नाही.

एक प्रसंग सांगतो. भाचीने एका संकेतस्थळावर वर्तुळाचा संपूर्ण घटक पुरा केला होता. सगळ्या खुणा हिरव्या. एका रविवारी मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटले, “चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन परस्परांचे पूरक असतात, हे सिद्ध करून दाखव.” तिने कंपासने सुरेख वर्तुळ काढले, त्यात एक चौकोन काढला, तो जवळजवळ आयतच होता. कोनमापकाने कोन मोजले, नव्वद आणि नव्वद एकशे ऐंशी असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. “मामा, झालं.” मी विचारले, “दुसरा चौकोन काढला असता तर?” ती म्हणाली, “त्यातही मोजले असते.”

मुलगी मंद नाही. उलट चलाख आहे. तिला जसे विचारले गेले होते, तसे तिने उत्तर दिले. त्या संकेतस्थळाने तिला शंभर वेळा माप विचारले होते, कारण एकदाही लिहायला सांगितले नव्हते. सिद्धता तर तीन ओळींची आहे. वर्तुळात अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. समोरासमोरच्या दोन कोनांचे कंस मिळून संपूर्ण वर्तुळ, म्हणजे ३६० अंश होतात. म्हणून कोनांची बेरीज १८० अंश. चौकोन कसाही काढा, मोजण्याची गरजच नाही. एक आयत मोजून काढलेला निष्कर्ष म्हणजे एका रुग्णाला गुण आला म्हणून औषध सिद्ध झाले, असे म्हणण्यासारखे आहे. वैद्यकात असे निष्कर्ष काढणाऱ्यांशी आपण आयुष्यभर वाद घालतो. तो वाद चौदाव्या वर्षी, पेन्सिलीच्या खर्चात, घालता येत असेल, तर ती संधी का घालवावी?

या कसोटीवर निरनिराळे अभ्यासक्रम कसे उतरतात, ते पाहू. खान अकॅडमी सर्वांना ठाऊक आहे. २००८ मध्ये स्थापन झालेली ही ना-नफा संस्था आहे; सारे विनामूल्य; भारतीय इयत्तांनुसार गणिताची मांडणीही तेथे आहे. समजावून सांगण्याची हातोटी उत्तम, सरावाचे प्रश्न भरपूर, आणि चुकलेल्या भागाकडे मुलाला परत नेण्याची व्यवस्था चांगली. सिद्धतेच्या सरावात मात्र गाळलेली कारणे दिलेल्या पर्यायांतून निवडायची असतात. हे काहीच नसण्यापेक्षा बरे; पण पर्यायांतून कारण ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते सुचणे यांत फार अंतर आहे. (आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रश्नपत्रिकेतही ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटी भरण्याचे प्रश्न असतात, तेव्हा केवळ परदेशी संकेतस्थळांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.)

अमेरिकेत भूमिती हा शाळेतील स्वतंत्र, वर्षभराचा विषय असतो आणि तेथे घरी शिकणाऱ्या मुलांची संख्याही मोठी आहे. त्यामुळे या एका विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम तेथे पुष्कळ निघाले. रिचर्ड रस्झिक यांनी स्थापन केलेल्या ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या संस्थेचा भूमितीचा पाठ गणिताची ओढ असलेल्या मुलांसाठी मला सर्वांत भावला. पुस्तक कठीण आहे, पण प्रश्न आधी आणि स्पष्टीकरण नंतर, अशी त्याची मांडणी आहे. त्यांच्या ऑनलाईन वर्गात मुलांनी लिहून पाठविलेली उत्तरे माणसे वाचतात आणि अभिप्राय देतात. मात्र तेथील सायंकाळचा वर्ग म्हणजे आपल्याकडची पहाट, आणि शुल्क डॉलरमध्ये. दुसरा प्रकार जॉर्जिया राज्यातील डेरेक ओवेन्स यांच्या अभ्यासक्रमाचा. व्हिडिओ पाहायचा, वहीत लिहायचे, पाने स्कॅन करून पाठवायची. ती त्यांच्याकडून तपासून हवी असतील तर शुल्क अधिक, पालक स्वतः तपासणार असतील तर कमी. ही दोन शुल्के वेगळी ठेवण्यातला प्रामाणिकपणा मला आवडला. शिकविणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्याला खर्च येतो, हे ते उघड मान्य करतात.

परदेशी अभ्यासक्रमांत एक अडचण आहे आणि ती सीमाभागातील आपल्यासारख्यांना चटकन समजावी, कारण दोन व्यवस्थांच्या मधोमध राहण्याची आपल्याला सवय आहे. २०१० नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी जो सामाईक आराखडा स्वीकारला, त्यात एकरूपतेची कल्पना स्थानांतरण, परिभ्रमण आणि परावर्तन यांवरून मांडली जाते. एक आकृती सरकवून, फिरवून किंवा उलटवून दुसरीवर तंतोतंत बसली, की त्या एकरूप. कल्पना सुंदर आहे. आपल्याकडे मात्र ‘बाकोबा’, ‘कोबाको’, ‘बाबाबा’ आणि ‘कर्णभुजा’ या कसोट्यांवर सारा डोलारा उभा आहे. आपली मुलगी वर्षभर आकृत्या फिरवायला शिकली आणि परीक्षेत तिने तसेच लिहिले, तर परीक्षक बुचकळ्यात पडेल आणि गुण तिचे जातील.

म्हणून अभ्यासक्रमाच्याही आधी मंडळ ठरविणे आवश्यक आहे. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. बीजगणित ४० गुण आणि भूमिती ४० गुण. बालभारतीच्या ‘गणित भाग २’ मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन अशी सात प्रकरणे आहेत. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र अलीकडच्या काटछाटीत रचनांचे प्रकरण वगळले गेले आणि पायथागोरसच्या प्रमेयाचा भागही गेला. कंपास हातात न धरता दहावीची भूमिती संपविता येते, ही गोष्ट माझ्या पिढीला पचनी पडणे कठीण आहे, पण वस्तुस्थिती तशी आहे. एनआयओएसच्या माध्यमिक गणितात भूमिती हा अनेक घटकांपैकी एक आहे. तेथे वयाची किमान अट १४ वर्षे. नोंदणी पाच वर्षे टिकते. परीक्षा वर्षातून दोनदा होते. आणि मराठी माध्यमही उपलब्ध आहे. शिक्षकाने तपासायच्या स्वाध्यायांना तेथे २० टक्के भार आहे. आपल्या गतीने शिकणाऱ्या मुलीला ही व्यवस्था मानवते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर एनआयओएसच्या गणिताचे व्हिडिओ विनामूल्य आहेत. ते रंजक नाहीत. पण परीक्षेच्या वाटेवरून सरळ नेतात.

शुल्काविषयी एकच सूचना. दोन-तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरू नयेत, विक्रेता कितीही सवलत देवो. देशातील सर्वांत गाजलेल्या ऑनलाईन शिकवणीची, बायजूजची, मूळ कंपनी जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. पैसे भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट मागावी : एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली उत्तरपत्रिका, नाव झाकून. मी चार ठिकाणी ती मागितली. दोन ठिकाणांहून लगेच आली. उरलेल्या दोघांनी मला प्रमुख शिक्षकांच्या पदव्यांची यादी पाठविली.

आता तर प्रश्नाचा फोटो काढला, की क्षणार्धात संपूर्ण सिद्धता लिहून देणारी साधने मुलांच्या हाती आहेत. त्यांचा बागुलबुवा करण्याचे कारण नाही. अडलेल्या ठिकाणी इशारा मिळविण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, भाचीही करते. पण अशा काळात ‘गृहपाठ पूर्ण’ या शेऱ्याला काडीचीही किंमत उरलेली नाही. समोर बसून, “ही तिसरी ओळ कशी आली, सांग बघू,” असे विचारणारा माणूस पूर्वीपेक्षा अधिक लागतो.

असा माणूस ही काही आधुनिक गरज नाही. ‘लीलावती’ ११५० मध्ये रचली गेली. (तिच्या कर्त्याचे गाव विजापूर की चाळीसगावजवळचे पाटण, हा वाद आपल्या सीमाभागाला साजेसाच आहे.) तीत मोर आणि सर्प यांचे एक उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सर्पाचे बीळ. सर्प बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघाला. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर बारा. भास्कराचार्यांनी रीत दिली आहे आणि रीतीने उत्तर येते. रीत का चालते, याची उपपत्ती पुढे टीकाकारांनी लिहिली. त्यांत कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांची १५४५ च्या सुमाराची ‘बुद्धिविलासिनी’ प्रसिद्ध आहे. सूत्र एकाने द्यावे आणि उपपत्ती दुसऱ्याने समोर बसून उलगडावी, अशीच आपल्याकडच्या पठणाची रीत होती. ऑनलाईन अभ्यासक्रम आपल्याला सूत्र देतो, फार सुरेख देतो. दुसरी जागा रिकामीच असते.

आम्ही ती जागा कशी भरली, ते सांगतो. कंग्राळी खुर्दला मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे एक सर राहतात. समजून घेण्यासाठी खान अकॅडमी, सरावासाठी बालभारतीचे पुस्तक, परीक्षेसाठी एनआयओएस आणि वहीसाठी हे सर, अशी मांडणी झाली. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी परिभाषाही त्यामुळे मुलीच्या कानावर राहते, आणि आजोबांचा व्युत्क्रम कोन व नातीचा ऑल्टर्नेट अँगल एकच, हे दोघांनाही कळते. ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’चे पुस्तक आम्ही घेतले, वर्ग घेतला नाही. पहाटे पाचला उठणारी मुलगी आमच्या घरात जन्माला आलेली नाही.

सरांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते उत्तर दुरुस्त करीत नाहीत. ज्या ओळीला कारण नाही, तिच्यापुढे समासात फक्त ‘का?’ असे लिहितात आणि वही परत देतात. पहिल्या आठवड्यात अकरा ‘का?’ आले, मुलगी रडकुंडीला आली. दुसरी त्यांची शिस्त आकृतीची. त्रिकोण काढायचा तो मुद्दाम विषमभुज, चौकोन काढायचा तो मुद्दाम वाकडा. पक्षात दिले नाही ते आकृतीत दिसताच कामा नये. चक्रीय चौकोनाच्या प्रसंगात भाची फसली ती नेमकी येथेच, आणि ही गोष्ट कोणत्याही व्हिडिओत इतक्या स्वच्छपणे सांगितलेली मी पाहिली नाही. मी शुल्काचा विषय काढला तेव्हा ते आधी नको म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, “थोडे तरी घेतो डॉक्टर. फुकट शिकवलं की पोरं येत नाहीत.”

यावर आक्षेप असा येईल, की असे सर सर्वांना कोठून मिळणार? माझा अनुभव असा, की ते असतात. आपण विचारत नाही. या भागात मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटत गेली, पण त्या शाळांत तीस-तीस वर्षे भूमिती शिकविलेली माणसे अजून आपल्यात आहेत. गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह घेऊन ती आपल्याच दवाखान्यांत येतात. औषध लिहून देताना, “सर, सध्या काय करता?” एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते. मी या वर्षी असे विचारू लागलो, तर चार जणांनी होकार दिला. त्यांत दोन शिक्षिका आहेत, आणि एकीने तर भूमितीखेरीज दुसरे काही शिकविणार नाही, असे ठणकावून सांगितले. आपल्या संस्थेने अशी नावे एका वहीत नोंदवून ठेवावीत, असा प्रस्ताव मी येत्या सभेत मांडणार आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तिचा उपयोग होईल. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची सिद्धता ओळीने वाचायला शिक्षकाला तरी वेळ कोठे असतो?

अंतराची अडचणही फारशी उरलेली नाही. निपाणीच्या एका डॉक्टर मित्राचा मुलगा यंदापासून घरी शिकतो. त्याच्या वहीच्या पानांचे फोटो दर शनिवारी व्हॉट्सॲपवरून आमच्याकडच्या एका शिक्षिकेकडे येतात आणि रविवारी संध्याकाळी ते दोघे फोनवर बोलतात. बाईंची अट एवढीच, की पेन्सिल गडद असावी आणि फोटो दिवसाउजेडी काढलेला असावा. दिव्याखाली काढलेल्या फोटोत कंपासचे कंस दिसत नाहीत.